नाव झाकल्यावर उरणारा गुरू : लेखन शिकवणाऱ्या अध्यापकावरील कविता आणि चित्रे

१

नांदेडजवळ गोदावरीच्या काठी असलेल्या विष्णुपुरीला १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, जे विद्यापीठ स्थापन झाले त्याला स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून स्वामीजींचे स्थान सर्वमान्य आहे; पण त्या संग्रामाच्या नेतृत्वापूर्वी ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईला शिक्षक होते, ही गोष्ट तितकीशी ध्यानात घेतली जात नाही. विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर एका शिक्षकाचे नाव असावे, हा गौरवाचा एक प्रकार आहे आणि तो सर्वांत संक्षिप्त प्रकार आहे. नाव 'कोण' हे सांगते. 'काय शिकवले' आणि 'कसे शिकवले' हे सांगणे नावाच्या आवाक्यात नसते. ते काम कवितेने, चित्राने, शिल्पाने करावे अशी अपेक्षा असते. प्रस्तुत लेखाचा प्रश्न असा की, हे काम आपल्याकडील गुरुगौरवपर कविता व चित्रे खरोखर करतात काय? आणि करीत नसतील, तर त्याचे कारण कवींच्या दुबळेपणात शोधायचे, की त्यांनी वारशाने स्वीकारलेल्या संकेतव्यूहात?

'गुरू' ही संज्ञा आपल्याकडे फार व्यापक अर्थाने वापरली जाते. मोक्षाचा मार्ग दाखवणारा, गाणे शिकवणारा, कुस्ती शिकवणारा, असे सारेच गुरू. येथे विचार करायचा आहे तो लेखन शिकवणाऱ्या गुरूचा : निबंधाच्या वहीत तांबड्या शाईने खुणा करणारा मराठीचा मास्तर, विद्यार्थ्याचा पहिला लेख तीन वेळा परत लिहायला लावणारा प्राध्यापक, नवोदिताला पोस्टकार्डावर चार ओळींत त्याच्या कथेतील दोष कळवणारा संपादक. या गुरूचे वेगळेपण असे की, त्याने दिलेली विद्या त्याच्यासारखे लिहिण्याची नसते. त्याच्याहून निराळे लिहिण्याची असते. गाण्यात घराणे टिकवणे ही निष्ठा ठरते. लेखनात गुरूचे वाक्य उचलणे ही फार तर उमेदवारी ठरते आणि ती लांबली की दोष ठरते. गुरूपासून दूर जाणे हेच जेथे गुरूचे यश, तेथे गुरूच्या पायाशी बसून केलेले स्तवन त्या यशाची साक्ष कशी देणार? लेखनगुरूवरील प्रत्येक कवितेच्या मुळाशी हा पेच आहे.

मराठवाड्यात या पेचाला एक ऐतिहासिक वजनही आहे. निजामी राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दू होते. अशा प्रदेशात मराठी लिहायला शिकवणे हे केवळ अध्यापन नव्हते. ती एका समाजाला त्याची लेखी भाषा परत मिळवून देण्याची कृती होती. १९४८ नंतर, नांदेडचे पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये सुरू झाल्यावर, या महाविद्यालयांतून जी पिढी लिहू लागली तिच्यातील पुष्कळांच्या घरात लेखणी धरणारा तो पहिलाच माणूस होता. त्यामुळे येथील लेखनगुरूविषयीची कृतज्ञता अस्सल आणि मोठी आहे. ती ज्या भाषेत व्यक्त होते ती भाषा मात्र तपासून पाहिली पाहिजे.

२

ही भाषा कोठून आली हे शोधावयास फार दूर जावे लागत नाही. मराठीतील गुरुस्तवनाचा आद्य आणि सर्वांत समृद्ध ठेवा ज्ञानेश्वरीत आहे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथात अध्यायारंभी निवृत्तिनाथांची जी स्तवने येतात, त्यांत सूर्य, मेघ, सागर, माता, कृपादृष्टी अशी रूपके एकमेकांत गुंफलेली आहेत. गीतेच्या तेराव्या अध्यायात 'आचार्योपासनम्' हा एकच शब्द आहे. ज्ञानदेवांनी त्यावर केलेला विस्तार हा स्वतंत्र काव्य ठरावा इतका मोठा आहे. गुरूचे घर, गुरूचे सेवक, गुरूची भोगसामग्री सारे आपणच व्हावे आणि देह पडल्यावर त्याची मातीही गुरूचे पाय जेथे उभे राहतात तेथल्या मातीत मिसळावी, अशी तेथील शिष्याची आकांक्षा आहे.

या स्तवनांत निवृत्तिनाथ नावाची व्यक्ती कितीशी दिसते? त्यांचे बोलणे, त्यांची शिकवण्याची रीत, त्यांचा स्वभाव यांविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. त्यांचे नाव येते तेही पुष्कळदा श्लेषासाठी, 'निवृत्ती' या पदाच्या अर्थासाठी. परंतु हा दोष नव्हे. ज्ञानदेवांना व्यक्तीचे चित्र रेखाटायचेच नाही. त्यांना गुरुतत्त्व सांगायचे आहे. अमृतानुभवाच्या दुसऱ्या प्रकरणात तर गुरू आणि शिष्य हे दोन शब्द असले तरी अर्थ एकच, अशा टोकापर्यंत ते जातात. तेथे व्यक्तिविशेष पुसला जाणे हाच आशय आहे. रूपकांची अमूर्तता ही त्या तत्त्वज्ञानाची गरज आहे.

ज्ञानेश्वरीतील आणखी एक विशेष मात्र गुरुस्तवनाची परंपरा सांगताना सहसा सांगितला जात नाही. स्तवनाच्या भरात वाहत चाललेल्या शिष्याला श्रीगुरूच थांबवतात आणि आता ग्रंथाच्या अर्थाकडे वळ, असे सुचवतात, असे प्रसंग या ग्रंथात आहेत. निरूपणाच्या रचनेत हे प्रसंग केवळ दुवे म्हणून येत नाहीत. गुरूला स्तुतीपेक्षा ग्रंथ पुरा होण्यात अधिक रस आहे, ही लेखनगुरूची खूण त्यांत उमटली आहे. निवृत्तिनाथ क्षणभर व्यक्ती म्हणून दिसतात ते येथे : श्रोता, परीक्षक आणि संपादक म्हणून. मराठीतील गुरुस्तवनाच्या पहिल्याच महान संहितेत स्तवनाला मर्यादा घालणारा हा आवाज आहे. उत्तरकालीन स्तवनांनी ज्ञानेश्वरीची रूपके उचलली. हा आवाज उचलला नाही.

मराठवाड्याच्या संतपरंपरेत गुरूचा गौरव करण्याच्या याहून निराळ्या रीतीही आहेत. पैठणच्या एकनाथांनी आपल्या अभंगांच्या मुद्रेत देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे नाव आपल्या नावाशी जोडले. 'एका जनार्दनी' ही मुद्रा म्हणजे प्रत्येक रचनेखाली केलेली दुहेरी सही आहे. तिच्यात गुरूची स्तुती नाही. रचनेची जबाबदारी दोघांची आहे, एवढेच ती सांगते. गंगाखेडच्या जनाबाईने आपली ओळख नामदेवाची दासी अशी दिली, पण तिच्या अभंगांतील दळण, कांडण, शेणी हे सारे विश्व नामदेवाचे नव्हे, तिचे स्वतःचे आहे. मुद्रेत गुरू आणि आशयात आपण, ही वाटणी विलक्षण समंजस आहे.

एकनाथांविषयीची एक आख्यायिका येथे मुद्दाम आठवावी. जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहिताना एका पैची चूक सापडेना, म्हणून ते रात्रभर वह्या चाळीत बसले आणि ती सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, असे परंपरा सांगते. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण परंपरेने गुरु-शिष्यांच्या नात्याचा कळस म्हणून चमत्कार न निवडता हिशेबातील दुरुस्ती निवडली, हे अर्थपूर्ण आहे. याच एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पाठांतील अशुद्धे दूर करून तिची प्रत शुद्ध केली. ज्ञानदेवांवर त्यांनी स्तुतिपर रचनाही केली असली, तरी मराठी वाचकावरील त्यांचे थोर ऋण आहे ते या पाठशुद्धीचे. पूर्वसूरीचा सर्वांत टिकाऊ गौरव त्याच्या संहितेची काळजी घेण्यात असतो, याचे याहून ठळक उदाहरण मराठीत सापडणे कठीण.

बहिणाबाईंच्या नावे प्रसिद्ध असलेल्या अभंगातील वारकरी संप्रदायाच्या इमारतीचे रूपकही याच अंगाने पाहण्यासारखे आहे. त्या रूपकात ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांना गुणविशेषणे दिलेली नाहीत. प्रत्येकाला बांधकामातील एकेक काम दिले आहे. पाया घालणारा निराळा, विस्तार करणारा निराळा, कळस होणारा निराळा. तुकारामांना गुरू मानणाऱ्या कवयित्रीने त्यांच्याकडे कळसाचे स्थान दिले आहे, पण पायाचे श्रेय दिलेले नाही. गौरव आणि विवेक येथे एकत्र नांदतात.

३

आता आधुनिक काळाकडे यावे. महाविद्यालयांची वार्षिके, सेवानिवृत्तीनिमित्त निघणारे गौरवग्रंथ, स्मृतिदिनाच्या कविसंमेलनांत वाचल्या जाणाऱ्या रचना, भित्तिपत्रके आणि मानपत्रे यांतून लेखनगुरूवरील कवितेचा मोठा साठा तयार झाला आहे. येथे कोणा एका कवितेची झडती घेण्याचा हेतू नाही. यातील पुष्कळ रचना ताज्या दुःखातून लिहिलेल्या असतात आणि त्या दुःखाचा मान ठेवलाच पाहिजे. तपासायचा आहे तो त्यांच्यातून पुन्हा पुन्हा येणारा संकेत. दीप आणि अंधार, परीस आणि लोखंड, शिल्पकार आणि दगड, कुंभार आणि माती, वटवृक्ष आणि सावली, सागर आणि ओंजळ : एवढ्या सहा जोड्यांत यातील बहुसंख्य कवितांची प्रतिमासृष्टी संपते. या जोड्यांचे एक समान लक्षण आहे. प्रत्येकीत शिष्य हा निष्क्रिय पदार्थ आहे. लोखंडाने परिसाशी वाद घातला, किंवा मातीने कुंभाराला आपला आकार सुचवला, असे या प्रतिमांच्या तर्कात बसत नाही. लेखन शिकणे ही तर पूर्णपणे शिष्याने करावयाची क्रिया आहे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी कृतज्ञता व्यक्त करायची, तीच गोष्ट ही प्रतिमा नाकारते.

हा संकेत तपासण्यासाठी एक साधी कसोटी वापरता येईल. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिज येथे विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता वाचायला दिल्या, त्यांचे अभिप्राय लिहून घेतले आणि त्या सामग्रीवर १९२९ मध्ये आपला प्रसिद्ध समीक्षाग्रंथ लिहिला. रिचर्ड्स यांनी कवीचे नाव झाकले. आपण गुरूचे नाव झाकावे. शीर्षकातील, अर्पणातील, तळटीपेतील नाव झाकल्यावर कवितेत कोण उरते? ती कविता त्याच शिक्षकाची राहते, की कोणत्याही गावच्या कोणत्याही शिक्षकाच्या निरोपसमारंभात चालू शकते?

ही कसोटी नांदेडच्या संदर्भात उपरी वाटण्याचे कारण नाही. 'रिचर्ड्सची कलामीमांसा' हा ग्रंथ याच शहरात अध्यापन करणाऱ्या नरहर कुरुंदकरांनी लिहिला; आणि मराठवाड्यात लेखनगुरू म्हणून ज्यांच्याविषयी अखंड कृतज्ञता व्यक्त झाली त्यांत कुरुंदकरांचे नाव अग्रभागी आहे. हिंगोली जिल्ह्यातील नांदापूर येथे १९३२ मध्ये जन्मलेले कुरुंदकर आधी प्रतिभा निकेतन या शाळेत शिक्षक होते, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. औपचारिक पदव्या हाती येण्यापूर्वीच त्यांची विद्वत्ता मान्य झाली होती. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. वय अवघे एकोणपन्नास.

असा शेवट हे कवितेला मोह पाडणारे द्रव्य आहे. बोलण्यासाठी जगलेल्या माणसाचे व्यासपीठावरील मरण हे आयते प्रतीक होऊन बसते आणि वर्षानुवर्षे वर्गात केलेले काम त्याच्या मागे झाकले जाते. कुरुंदकरांना दीपस्तंभ म्हणणारी कविता आणि दुसऱ्या कोणाला दीपस्तंभ म्हणणारी कविता यांत फरक उरत नाही. मग कुरुंदकरांचे म्हणून काय होते? 'मागोवा', 'धार आणि काठ', 'जागर', 'मनुस्मृती : काही विचार' या ग्रंथांतून दिसणारी त्यांची रीत पाहावी. ज्या मताचे खंडन करायचे ते आधी त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडायचे. मनुस्मृती नाकारायची असली तरी ती व्यवस्था कशी चालते हे प्रथम नीट समजावून द्यायचे. श्रोत्याला सरळ संबोधणारी लहान, बोलकी वाक्ये वापरायची. आणि निष्कर्षाशी आल्यावर वाचकाला असहमतीची मुभा ठेवायची. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला त्यांची दीर्घ प्रस्तावना आहे. कादंबरीच्या आरंभी पाहुण्याने द्यावा तसा आशीर्वाद तिच्यात नाही. इतिहासाच्या साधनांची छाननी आहे. दुसऱ्याच्या ग्रंथाच्या दाराशी उभे राहूनही आपला स्वतंत्र विचार मांडायचा, ही त्यांची अध्यापकीय वृत्ती होती.

अशा गुरूला प्रश्न विचारण्याच्या भाषेत स्मरायचे, की पायावर डोके ठेवण्याच्या भाषेत? दुसरी भाषा वापरली की नकळत त्यांच्या शिकवणीचा पराभव होतो. ज्ञानदेवांच्या स्तवनात व्यक्ती पुसली जाते, कारण तेथे गुरु-शिष्यांचे अद्वैत सिद्ध करायचे असते. मतभेद शिकवणाऱ्या आधुनिक अध्यापकाच्या बाबतीत द्वैत, म्हणजे शिष्याचे वेगळेपण, हीच शिकवण असते. तत्त्वज्ञान मागे ठेवून केवळ त्याची रूपके उसनी घेतली, की रूपके उरतात आणि गुरू जातो.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. प्रासंगिक कवितेला समीक्षेच्या तराजूत का घालावे? मानपत्र हे मानपत्रच असते. समूहाला एकत्र येऊन कृतज्ञता उच्चारता यावी, हे त्याचे कार्य असते आणि त्यासाठी सर्वांना ठाऊक असलेले शब्दच उपयोगी पडतात. हा आक्षेप सामाजिक पातळीवर मान्य करावाच लागेल. आरतीला कोणी नावीन्य मागत नाही. परंतु या रचना समारंभाबरोबर संपत नाहीत. त्या ग्रंथबद्ध होतात, अभ्यासाची साधने म्हणून वापरल्या जातात आणि पुढल्या पिढीला गुरूची ओळख त्यांच्यातूनच होते. जेव्हा कविता साक्ष म्हणून पुढे येते, तेव्हा तिने काय पाहिले हे विचारणे समीक्षेचे कर्तव्य ठरते. शिवाय, लेखन शिकवणाऱ्याचा गौरव ढिसाळ लेखनाने व्हावा, ही विसंगती प्रथम त्या गुरूलाच खटकली असती.

४

मग ही कसोटी उतरणारी कविता कशी असते? काही नमुने पाहता येतील.

कुसुमाग्रजांची 'कणा' ही कविता मराठी वाचकाच्या स्मरणात आहे. पुरात घर वाहून गेलेला माजी विद्यार्थी पावसात सरांकडे येतो, बोलतो आणि पैशाची मदत न घेता धीराचा शब्द मागतो, एवढेच तिचे कथानक. या कवितेत सरांची स्तुती नाही. सरांना नाव नाही. त्यांनी कोणता विषय शिकवला, हेही सांगितलेले नाही. सर कवितेत बोलतही नाहीत. त्यांचा हात खिशाकडे जातो, एवढीच त्यांची हालचाल. आणि तरीही वाचक या शिक्षकाला ओळखतो, कारण शिष्याने जे मागितले त्यातून शिक्षकाने काय दिले होते ते कळते. गौरवाचा भार विशेषणांवरून शिष्याच्या वर्तनावर सरकवला आहे. नाव झाकण्याची वेळच येथे येत नाही. कवीने ते आधीच झाकले आहे. मात्र येथे कसोटीचा अर्थही सूक्ष्मपणे समजून घ्यावा लागतो : जीवनचरित्राचा तपशील असणे म्हणजे विशिष्टता नव्हे. नात्यातील एक निश्चित व्यवहार दिसणे म्हणजे विशिष्टता.

अमेरिकन कवी डब्ल्यू. एस. मर्विन यांनी आपले अध्यापक जॉन बेरीमन यांच्यावर लिहिलेली कविता ही तर लेखनगुरूवरीलच आहे. ती जवळजवळ पूर्णपणे बेरीमन यांनी दिलेल्या सूचनांची बनली आहे : विक्षिप्त, परस्परविरोधी, कधी हसवणाऱ्या सूचना. परत आलेल्या लिखाणाच्या नकारपत्रांनी भिंत सजवावी, असाही एक सल्ला तीत येतो. शेवटी शिष्य विचारतो की, आपण लिहिले ते चांगले आहे याची खात्री कशी पटावी. आणि गुरू ती खात्री कधीच मिळत नाही, असे सांगतो. या कवितेत गुरू महान ठरतो तो शिष्याला आश्वासन न दिल्यामुळे. आपल्या गौरवकवितांत मात्र सरांनी दिलेला एकही नेमका सल्ला, खोडलेला एकही शब्द, नाकारलेला एकही परिच्छेद क्वचितच सापडतो.

दांतेने तर आपल्या गुरूला नरकात भेटवले आहे. 'डिव्हाइन कॉमेडी'च्या पहिल्या खंडातील पंधराव्या सर्गात तापलेल्या वाळूवरून चालणारे ब्रुनेत्तो लातिनी दांतेला ओळखतात. दांते उंच बांधावरून मान लववून त्यांच्याबरोबर चालतो आणि त्यांना आदरार्थी सर्वनामाने संबोधतो. त्यांनी काय शिकवले, याबद्दलची कृतज्ञता तो स्पष्ट शब्दांत देतो. पण त्यांना नरकातून बाहेर काढत नाही. न्याय आणि आदर यांपैकी एकाचीही किंमत दुसऱ्यासाठी कमी केलेली नाही, म्हणून तो प्रसंग सातशे वर्षे टिकला. गुरूच्या उणिवा झाकल्या म्हणजे आदर सिद्ध होतो, ही आपली समजूत या सर्गासमोर डळमळते.

मराठीत परत यायचे तर एकोणिसाव्या शतकातील एक जोडी अर्थपूर्ण आहे. सावित्रीबाई फुले यांना अक्षरओळख करून देणारे जोतीराव हे त्यांचे पती आणि शिक्षकही. १८५४ मध्ये 'काव्यफुले' प्रसिद्ध करणाऱ्या सावित्रीबाईंनी जोतीरावांच्या १८९० मधील निधनानंतर आलेल्या 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' या पद्यरचनेत त्यांचे कार्य देशाच्या इतिहासाच्या ओघात ठेवून सांगितले. शिक्षकाला आकाशात न नेता इतिहासात उभे करणे, ही त्या रचनेची दृष्टी आहे. दुसरीकडे, फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापला गेला. तो गुरुगौरवासाठी लिहिलेला नाही. धर्मसत्तेला आणि जातिव्यवस्थेला विचारलेल्या प्रश्नांसाठी तो लिहिलेला आहे. पण एका शाळकरी मुलीने इतक्या निर्भय गद्यात लिहावे, यापेक्षा तिला लिहायला शिकवणाऱ्यांचा मोठा सन्मान कोणता? पहिली रचना गुरूविषयी आहे. दुसरी गुरूमुळे आहे. लेखनगुरूच्या बाबतीत या दुसऱ्या प्रकाराला साहित्येतिहासाने गौरवकाव्याच्या बरोबरीने जागा द्यायला हवी.

मराठवाड्यात या दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण गंगाधर पानतावणे यांचे आहे. मिलिंद महाविद्यालयात आणि पुढे विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक दीर्घकाळ चालवले आणि दलित साहित्याच्या अनेक लेखकांना त्यातून पहिली जागा मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर कविता लिहिल्या गेल्याच. परंतु 'अस्मितादर्श'चे जुने अंक हेच त्यांचे खरे गौरवग्रंथ आहेत, कारण त्यांत शिष्यांची स्वतंत्र वाक्ये आहेत.

५

चित्रशिल्पांचा विचार एकलव्यापासून सुरू करावा लागतो. महाभारताच्या आदिपर्वातील एकलव्य द्रोणाची मातीची मूर्ती करतो आणि तिच्यासमोर धनुर्विद्या साधतो. गुरूच्या सन्मानार्थ शिष्याने घडवलेल्या प्रतिमेची ही आपल्याकडील मूळकथा. तिच्यातील विपरीत बाजू अशी की, प्रतिमेने शिष्याला सर्व काही मिळवू दिले आणि प्रत्यक्ष गुरूने अंगठा मागितला. दलित कवितेने एकलव्याला पुन्हा वाचले ते याच ठिकाणी : आज्ञाधारकतेचा आदर्श म्हणून नव्हे, तर फसवल्या गेलेल्या निष्ठेचे प्रतीक म्हणून. गुरुपौर्णिमेच्या फलकांवर एकलव्याचे चित्र काढणाऱ्यांनी या पुनर्वाचनाची दखल घेतली आहे, असे सहसा दिसत नाही. कथेचा एक धडा मात्र आजही उपयोगी आहे. मूर्तीने एकलव्याला शिकवले नाही. मूर्तीसमोरच्या सरावाने शिकवले. ज्या प्रतिमेसमोर सराव होत नाही, ती केवळ हार घालण्याची जागा उरते.

महाविद्यालयांच्या सभागृहांतील तैलचित्रे आणि आवारांतील अर्धपुतळे यांची व्याकरणे ठरलेली आहेत : चेहरा समोर, नजर दूर, खांद्यावर शाल, फार तर हातात पुस्तक. ते पुस्तकही बहुधा मिटलेले असते. राजकीय नेत्याच्या पुतळ्यासाठी घडलेले हे व्याकरण लेखनगुरूला जसेच्या तसे लावले जाते, तेव्हा त्याचा नेमका व्यवहार चित्रातून निसटतो. दुसऱ्याच्या कागदावर वाकलेला माणूस ही लेखनगुरूची खरी मुद्रा; पण वाकलेली मान स्मारकशिल्पाला चालत नाही.

कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'त या प्रश्नाचे नाट्यमय उत्तर दिले आहे. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, हा वाद राजासमोर येतो. निर्णयासाठी आचार्यांना नाचायला सांगितले जात नाही. शिष्येचे नृत्य पाहायचे ठरते. परीक्षा आचार्यांची, रंगभूमीवर मालविका. स्वतःच्या अंगी कला असणे आणि ती दुसऱ्याच्या ठिकाणी संक्रमित करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विवेकही त्या प्रसंगात परिव्राजिकेच्या तोंडी येतो. गुरूचे चित्र काढायचे असेल तर शिष्येकडे पाहा, हा या अंकाचा सौंदर्यशास्त्रीय निष्कर्ष आहे.

६

या विवेचनातून गुरूवर कविता लिहू नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ज्ञानदेव, एकनाथ, जनाबाई यांची परंपरा असलेल्या भाषेत ते शक्यही नाही. म्हणणे एवढेच की, या परंपरेतून आपण सर्वांत सोपा भाग निवडला. तिच्यातील स्तवन थांबवणारा गुरू, दुहेरी सहीची मुद्रा, एका पैची दुरुस्ती, प्रत्येकाला वाटून दिलेले बांधकाम हे सारे उपलब्ध होते. आपण सागर आणि दीप घेतले.

अभ्यासाच्या अंगाने यातून एक काम पुढे येते आणि ते तातडीचे आहे. लेखनगुरूने प्रत्यक्ष काय शिकवले याचा पुरावा गौरवग्रंथांत कमी आणि तांबड्या शाईच्या खुणा असलेल्या हस्तलिखितांत, संपादकांच्या पोस्टकार्डांत, पहिल्या आणि चौथ्या खर्ड्यातील फरकांत अधिक आहे. हे कागद लेखकांच्या घरी ट्रंकांत पडलेले असतात आणि दरवर्षी रद्दीत जातात. कुरुंदकरांची अनेक पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर इतरांनी संकलित केली म्हणून वाचकांपर्यंत आली. त्या संकलकांची निष्ठा एकनाथांच्या पाठशुद्धीच्या जातीची आहे. पण गुरूच्या स्वतःच्या लेखनाइतकेच, त्याने दुसऱ्याच्या लेखनावर केलेले काम जपायला हवे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्या विष्णुपुरीच्या विद्यापीठाला एका शिक्षकाचे नाव आहे. असे कागद गोळा करणे, त्यांची सूची करणे आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एकेका लेखकाचे खर्डे संशोधनविषय म्हणून देणे, हे त्या नावाला साजेसे काम ठरेल. मग लेखनगुरूवर कविता लिहिणाऱ्यालाही परीस आणि कुंभार यांच्याकडे जावे लागणार नाही. सरांनी आपल्या तिसऱ्या ओळीतला कोणता शब्द खोडला आणि का खोडला, एवढे त्याला आठवले तरी कवितेला पुरेसे आहे.